निळीतलं तांबडं

शहापूर, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५९

केदारी,

पाकीट उघडलंस, म्हणजे राग थोडा उतरला असं धरून चालते.

दिवाळीत तू ताटावरून उठलास आणि बेंगळूरची गाडी धरलीस. तेव्हापासून पत्र येतं ते बापाच्या नावावर, आणि त्यात मी कुठं, तर ‘घरातील वडीलधाऱ्यांस नमस्कार’. घरात वडीलधारी मी एकटीच उरलेय. माझं नाव लिहिलं असतंस तर तुझा टाक मोडला असता काय? सुबराव वाचून दाखवतो आणि त्या ओळीपाशी आला की खोकतो. तुझा बाप चांगला माणूस आहे, पण भांडण दिसलं की त्याला खोकला येतो. त्यामुळे लिहायला मीच बसले. मला बाळबोध येतं, तेही तिसरीपुरतं. तू एवढा शिकलेला. चुका काढत बसू नकोस.

भांडण कशावरून झालं ते दोघांनाही ठाऊक आहे, तरी लिहून टाकते, म्हणजे मागाहून कुणी फिरवायला नको. तुला वडगावच्या अंबूबाईची नात, शालू, बायको करायची आहे. पोर वाईट नाही. नाल्यावर सूत धुताना बघितलीय, पिळा चांगला घालते, मोठ्यानं हसते तेवढं सोडलं तर खोड नाही. घरही आपल्यासारखंच रंगाऱ्याचं. पण ते घर डब्यातल्या निळीचं आहे, हे मी दिवाळीत म्हणाले आणि आजही म्हणते.

आपण कडप्प्याची झाडाची नीळ घेतो. जमिनीत पुरलेल्या रांजणात ती चुना, गूळ आणि टाकळ्याच्या बियांच्या काढ्यावर जगवतो. तान्ह्या पोरासारखं त्याचं करावं लागतं; थंडीत गोधडी घालावी लागते, वास घेऊन बघावं लागतं, रुसला तर समजूत काढावी लागते. जर्मनाच्या डब्यातल्या निळीला यातलं काही लागत नाही. औषध टाका, ढवळा, सूत बुडवा, मोकळे व्हा. बेळगावात इंग्रजाचं राज्य, शहापुरात सांगलीकरांचं, आणि नीळ दोन्हीकडं जर्मनाची. वापरणाऱ्यानं खुशाल वापरावी. पण डबा वापरून ‘आमच्यात झाडाचीच हो’ म्हणत विणकरांना सूत द्यायचं ही लबाडी. अंबूबाईच्या परड्यात तो डबा मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. तिचा निळा कसा दाट आणि सारखा उतरतो ते बघ. झाडाची नीळ इतक्या शहाण्यासारखी वागत नाही. लबाडाच्या घरची पोर मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

त्यावर तू म्हणालास, “आजी, पुरावा काय?”

मी म्हणाले, “माझं नाक.”

तू म्हणालास, “नाकाला कोण विचारतंय? आमच्याकडं प्रयोगशाळेत काच आहे. तिच्यातनं बघितलं की कुठल्या रंगात काय आहे ते सांगता येतं.” आणि उठलास. लाडू तसाच टाकून. तो मी गाईला घातला.

तर बघ आता तुझ्या काचेतून. या पुडक्यात सुताच्या तीन लडी आहेत. एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. एक आपल्या रांजणातली. एक अंबूबाईच्या रांजणातली; ती मी एका विणकराकडून मागून आणली, कशाला हवी ते त्याला सांगितलं नाही. आणि एक मी बाजारातून जर्मन डबा आणून परड्यामागं रंगवली, तुझी काच खरी आहे की नुसती बढाई, ते कळावं म्हणून. कुठली कुणाची ते लिहिणार नाही. तू त्या पोरीपायी वेडा झालायस. सांगितलं तर काचेलाही तिचंच वेड लागायचं.

काचेनं अंबूबाईची नीळ झाडाची आहे असं दाखवलं, तर मी स्वतः नारळ घेऊन तिच्या दारात जाईन आणि मुलगी मागेन. डब्यातली निघाली तर तू तिचं नाव पुन्हा काढायचं नाहीस. कबूल असेल तर बघ, नसेल तर सूत परत पाठव. सूत फुकट येत नाही.

नागुबाई

शहापूर, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

केदारी,

पत्र पोचलं. पाकिटावर या वेळी माझं नाव होतं. रवळू पोस्टमन ते वरखाली करत म्हणाला, “आजी, तुमच्या नावानं पत्र? कोन गेलं?” पाकीट बंद, त्यामुळं त्याला वाचता येईना, याची हळहळ त्याच्या तोंडावर दिसत होती. कार्ड असतं तर माझ्याआधी गल्लीला पाठ झालं असतं.

तुझ्या काचेचं इंग्रजी नाव सुबरावनं तीन दमांत वाचलं, स्पेक-ट्रो-स्कोप. मी काचच म्हणणार. पत्र मात्र नीट लिहिलंयस, मला समजलं. समजलं की नाही ते तूच बघ: उजेड तिकोनी काचेतून फाकवला की रंगांची पट्टी पडते, पावसाळी धनुष्यासारखी. त्या उजेडाच्या वाटेत रंगाचं पाणी भरलेली नळी धरली की पट्टीवर मधेच काळी सावली येते. म्हणजे त्या पाण्यानं तेवढा उजेड खाल्ला. प्रत्येक जिनसाचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात, त्यांना तू रेणू म्हणतोस. ज्याचा त्याचा रेणू आपापला ठरलेला उजेडच खातो, दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाही. म्हणून कुठला उजेड कमी झाला ते बघून जेवायला कोण बसलं होतं ते सांगता येतं. बरोबर? एवढंच होतं तर आठ वर्षं कसली शिकलास?

मग तू लिहितोस, तिन्ही लडींत निळीची सावली एकाच जागी पडली, नारिंगी रंगात. झाडातून आली काय, जर्मनाच्या भट्टीतून आली काय, निळीचा रेणू एकच. हे वाचून मी पत्र उलटं ठेवलं आणि चुलीकडं गेले. एकच असेल तर आम्ही बायका जन्मभर त्या वासात कशाला बसलो? चुन्यानं बोटांची सालं निघाली, अंगाला वास म्हणून लग्नाच्या पंगतीत शेजारीण सरकून बसते, ते कशासाठी?

भाकरी झाल्यावर पुढं वाचलं. पुढं तू लिहितोस की झाड एकटी नीळ देत नाही, तिच्याबरोबर थोडं तांबडंही देतं. डोळ्याला दिसत नाही, निळ्याखाली दडून असतं. सूत तुमच्या त्या उग्र औषधात घातलं की तांबडं आधी सुटतं, निळं मागून. ते तांबडं पाणी काचेपुढं धरलं की ते हिरवा उजेड खातं. भट्टीतल्या निळीत हे तांबडं नसतं. आणि दोन गाठींच्या लडीत तेवढं ते सापडलं, एक आणि तीन गाठींच्या लडींत नाही.

तू विचारतोस, “आता सांग, दोन गाठींची कुणाची?”

थांब जरा. काच एकदा चुकू शकते. माणूस जन्मभर चुकतो, काचेला काय धाड भरलीय? नळी नीट धुतली होतीस का? आदल्या दिवशीचं काही चिकटलं नव्हतं ना? आपल्याकडं हळदीचा हात निळीच्या सुताला लागला की सगळी लडी हिरवी होते, तसं काही झालं असेल. म्हणून दुसरं पुडकं पाठवते. त्याच तीन ठिकाणची सुतं, पण गाठी बदलल्यात, आणि आधीच्या कागदावर मुळीच बघायचं नाही. बघितलंस तर मला कळेल. कसं ते विचारू नकोस.

इकडं थंडी पडलीय. संकेश्वरकडून नवा गूळ आला, चांगला आहे. सुबराव विचारत होता, “आई, जेवली का न्हाईस?” भूक नव्हती एवढंच. तब्येतीला काही झालेलं नाही.

नागुबाई

शहापूर, मार्गशीर्ष वद्य दशमी

केदारी,

दुसरं पत्र आलं. गाठी बदलल्या तरी काचेनं तीच लडी वेगळी काढली. बरं.

आता ऐक. तांबडं निघालं ती लडी अंबूबाईची. नुसती निळी निघालेल्या दोन्ही माझ्या. एक डब्यातली मुद्दाम केलेली, आणि एक आपल्या रांजणातली. झालं समाधान?

पत्र आलं त्या दुपारीच मी आण्णाप्पाच्या दुकानात गेले. आपली नीळ तोच देतो. वड्या तशाच चौकोनी, वर अंगठ्याचा ठसा, फोडल्या की तांब्यासारखी झाक. मी म्हणाले, “आण्णाप्पा, ही कडप्प्याची?”

“अस्सल कडप्पा, आक्का. देवाशपथ.”

“देवाला मधे घेऊ नको, तो कामात आहे. माझ्या नातवानं बेंगळूरला काचेत बघितलंय. तुझी नीळ भट्टीची आहे.”

“इल्ला, तसं न्हाई, आक्का. काचेत तसलं कुठं दिसतंय?”

“सगळं दिसतंय. नाव दिसतं, दुकान दिसतं. दारातली ही मोडकी पायरीसुद्धा दिसली त्याला.”

आण्णाप्पानं पायरीकडं बघितलं. मग गिऱ्हाइकाला बाहेर काढून दार लोटलं आणि हळूच म्हणाला, “आक्का, मलाबी वरनंच तसं यायलंय. दोन-तीन वर्सं झाली. डब्यातली पूड, माती आन् खळ घालून वड्या पाडत्यात. तुम्ही कधी काय बोलला न्हाईसा, मला वाटलं तुम्हास्नी चालतंय.”

मला चालतंय! जिच्या नाकाचा दाखला अख्खी गल्ली देते, तिला चालतंय! मी बोलले ते इथं लिहीत नाही. सुबराव हे पत्र पेटीत टाकायला नेणार आहे, आणि तो वाचेल.

तू लगेच लिहिशील की नारळ कधी नेतेस. नेणार. बोलले ते बोलले. पण कधी नेणार ते बोलले नव्हते. डबेवाली म्हणून जिला सगळ्यांपुढं हिणवलं, तिच्या दारात मी डब्याचाच रांजण मागं ठेवून मुलगी मागायला जाऊ? आधी आपलं घर सरळ करते. आण्णाप्पानं त्याच्या मावसभावाकडून झाडाच्या निळीची एक खरी पोतडी मागवून दिलीय, ही आधी तुझ्याकडं पाठवून मगच घेणार असं मी ठणकावून सांगितल्यावर. वडीचा तुकडा सोबत आहे. तांबडं आहे का तेवढं लिही. तू हो म्हणालास की जुना रांजण निम्मा उपसायचा आणि ही घालायची. रांजण तिच्यावर चालू लागला, त्यातून पहिली लडी निघाली, की मी नारळ उचलते. पुढं पौष आहे, तसंही कुणी लग्नाचं बोलत नाही.

हसू नकोस. मला इथं ऐकू येतं.

नागुबाई

(कार्ड)

शहापूर, पौष शुद्ध द्वादशी

केदारी यास,

बेंगळूरहून आलेल्या गृहस्थानं सांगितलं की तू तिथं एका मडमेशी लग्न लावलंस. ती घोड्यावर बसून भाजी आणायला जाते, ताटाशी बसली की वाजंत्री लागते, आणि तिच्या हट्टापायी तू दोन्ही कानांत डूल घातलेस. खरं असेल तर या घराला तोंड दाखवू नको.

नागुबाई

शहापूर, पौष वद्य चतुर्थी

केदारी,

तार कसली करतोस, मूर्खा? तारवाला गल्लीत शिरला आणि कोण गेलं म्हणून बायका रडतच बाहेर आल्या. मला बसवून पाणी पाजलं. मी जिवंत आहे हे त्यांना पटवता पटवता संध्याकाळ झाली. आणि तारेत काय, तर ‘सगळे खोटे आहे’. खोटं आहे ते मला ठाऊक नाही काय? ते मीच केलेलं आहे!

रंगाऱ्याच्या घरात जन्मलास आणि कार्ड वाचून समजलं नाही? निळीचा रांजण नासला की रंगाऱ्यानं गावात एक थाप सोडायची. थाप जेवढी लांब जाईल तेवढा रांजण सुधारतो. माझी सासू असंच करायची, तिची सासूही करायची. एकदा आमच्या सासूबाईंनी किल्ल्याच्या खंदकात मगर व्याली म्हणून सोडून दिलं होतं, लोक टोपल्या घेऊन बघायला गेले होते. रांजण दुसऱ्या दिवशी फेसावर आला. तुझ्या काचेत हे बसत नसेल तर नसू दे.

झालं असं. तुझा होकार आला, वडीत तांबडं आहे म्हणून. मी रांजण निम्मा उपसला, नवी नीळ वाटून घातली, चुना घातला, काढा घातला. आणि रांजण मेला. फेस बसला, वर पांढरट साय आली, वास बिघडला. सूत बुडवलं तर राखेसारखं निघालं. डब्याच्या निळीवर दोन वर्षं बसून त्याला आयतं खायची सवय लागली असावी. गूळ घातला, गोधडी घातली, काही नाही. मग थापच उरली. आणि थाप लांब जायची तर रवळूशिवाय दुसरं साधन कुठलं? म्हणून पाकीट न लिहिता कार्ड लिहिलं आणि त्याच्याच हातात दिलं.

त्यानं आपलं काम चोख केलं. दिवस मावळायच्या आत ते शहापुरात घरोघर झालं, रात्रीपर्यंत वडगावात, आणि दुसऱ्या दिवशी कंग्राळीचा एक बापडा सुबरावला विचारून गेला की मडमेचा घोडा विकायचा आहे काय.

वडगावात पोचलं तेव्हा मात्र मी हातातली ढवळायची काठी खाली ठेवली. हे सोडताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं की ज्या दारात नारळ न्यायचा त्याच दारात ही थाप आधी जाणार. डोक्यात नुसता रांजण होता. अंबूबाईनं खरं मानलं आणि पौष सरताच पोरीचं दुसरीकडं ठरवलं तर? मी सुबरावला म्हणाले, “जा, वडगावला जाऊन सांगून ये.” तो खोकू लागला.

तेवढ्यात दारात अंबूबाईच उभी. कमरेवर मडकं, मडक्यावर ओलं फडकं. आमचं बोलणं बंद होऊन किती वर्षं झाली ते आठवत नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाली,

“काय गं नागे, रांजण गेला व्हय?”

“तुला कुणी सांगितलं?”

“मडमेनं. घोड्यावर बसून भाजीला आलती. म्हटली, नागुबाईचा रांजण नासलाय, जरा बघून या.”

मी हसले नाही. फार वेळ नाही हसले, एवढं लिहिते.

ती ओसरीवर बसली, निपाणीची तंबाखू चोळत म्हणाली, “आमची सून रडाय लागलीती. शालू म्हटली, ‘आई, गप बसा. ही निळीची थाप हाय. आजी, तुमी विरजण घेऊन जावा.’ म्हणून आले. पाठवलंय तिनं, मी न्हवं. मी आले नसते.”

मडक्यात तिच्या रांजणातलं जितं पाणी होतं. दुधाला विरजण लावतात तसं मेल्या रांजणाला लावायचं. डब्याची नीळ वापरणाऱ्याकडं हे विरजण नसतं, आणि थाप ऐकून रांजण आठवायचं त्याला सुचतही नाही. ते मडकं बघितल्यावर मला आणखी कशाची गरज नव्हती. पण काचेनं सांगितलं होतं ते तिला सांगणं भाग होतं. म्हणाले,

“अंबे, मी तुझं सूत बेंगळूरला पाठवलं होतं.”

“कशापायी?”

“तू डब्यातली नीळ वापरतेस, हे दाखवायला. परड्यात डबा बघितला होता.”

“त्यो व्हय? त्यात कोंबड्यांस्नी पाणी ठेवतोय. भंगारातनं आणलाय. बरं, मग? काय निघालं?”

“तुझी झाडाची निघाली. माझी डब्याची. आण्णाप्पानं फसवलं मला.”

मला वाटलं आता उठेल, चार ऐकवेल, मडकं घेऊन जाईल. तिनं तंबाखू दाढेत धरली. मग म्हणाली, “तरीच म्हटलं, तुझा निळा अलीकडं येवढा मुका कसा झालाय. मी सुनंला म्हटलं हुतं, नागीची नजर गेली. तसं न्हाय म्हणायचं. नजर हाय, दुकानदार वाईट.” आणि उठून स्वतःच रांजणावरची गोधडी काढली.

आज सकाळी फेस आलाय. हिरवं सूत वर काढलं आणि वाऱ्यावर बघता बघता निळं झालं. सुधारला तो थापेनं का विरजणानं, ते मी ठरवायला बसणार नाही. तू येऊ नकोस, एवढ्यात गरज नाही. काम सोडून धावत आलास तर लोक म्हणतील मडमेनं हाकलला.

नागुबाई

शहापूर, माघ शुद्ध षष्ठी

केदारी,

काल वडगावला जाऊन आले. नारळ, खण आणि नव्या निळीतली पहिली लडी घेऊन. सुबराव बरोबर होता, आणि आपले चार भाऊबंद. शालूचा मामा कंग्राळीहून आला होता. तो बसला तोच म्हणाला,

“सगळं खरं, पर पयल्या बायकूचं काय?”

सुबरावला कळेना. “कुठली पहिली बायको?”

“घोड्यावरची.”

अंबूबाई पदर तोंडाला लावून आत गेली, ती हसून हसून बाहेरच येईना. मामाची समजूत घालायला सुपारी फोडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. तो अजून पुरता निवळलेला नाही. लग्नात तुझे कान नीट बघून घेईल, तेवढं सोस.

सुपारी फोडण्याआधी मी सगळ्यांना थांबवलं. पाच जणांपुढं हिणवलं होतं, ते पाच जणांपुढंच परत घ्यायला हवं. म्हणाले, “या घराला मी डबेवाले म्हणत आले. माझ्या नातवाच्या काचेनं दाखवलं की यांच्या निळीत झाडाचं तांबडं आहे आणि माझ्यात नव्हतं. आता आहे, पण विरजण यांचं. हे ऐकून कुणाला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, पंगतीत नको.” कुणी हसलं नाही. एक म्हातारा मात्र विचारत होता, ही काचबाई कुठल्या गावची.

मग शालू चहा घेऊन आली. पाया पडली आणि म्हणाली, “आजी, ती लडी माझ्या हातची हुती. सांगितलं असतंसा तर जरा चांगली पिळून दिली असती. तसली वेडीवाकडी बेंगळूरला गेली.” म्हणजे तिकडं तू अंधाऱ्या खोलीत डोळा लावून बघत होतास ते तिचंच सूत. हे तुला कळवायची मला काही घाई नव्हती, पण ती म्हणाली, “लिवा त्यास्नी,” म्हणून लिहिलं. पोर बोलकी आहे. मोठ्यानं हसते, पण त्या वेळी हसायचं कारण होतं.

अंबूबाईची एकच अट आहे: पोरीला रांजणावर ठेवायची नाही, ती लग्नानंतर तुझ्याबरोबर बेंगळूरला जाणार. मी तेच म्हणणार होते, पण ती आधी बोलली, त्यामुळं मी थोडा वेळ नको म्हणाले आणि मग कबूल झाले. शालूला ती काच बघायची आहे. दाखव, आणि तुमच्या साहेबांनी विचारलं तर सांग की निळीतलं तिला तुझ्याइतकंच कळतं, नळीचं तेवढं शिकवायचंय. तिथं खोली बघ. भिंतीला ओल नसलेली. चूल बाहेर असलेली.

तिथी फाल्गुन शुद्ध तृतीया धरलीय. दोन दिवस आधी ये. रजा मिळत नसेल तर आजी मेली म्हणून सांग. थाप आहे, कुणाचा तरी रांजण सुधारेल.

आता रांजणाचं. दोन्ही घरांचे दोन रांजण आणि करणाऱ्या आम्ही दोन म्हाताऱ्या. ठरलंय असं की आठवड्यातून एकदा ती इकडं येणार, एकदा मी तिकडं जाणार. ती आत्ता आलीय, ओसरीपलीकडं रांजणावर वाकून बसलीय. म्हणते चुना कमी पडलाय. मी म्हणते जास्त झालाय. तिच्या हातात चुन्याचा डाव आहे आणि माझ्या हातात टाक, म्हणून इथंच थांबते, नाहीतर घालेल ती.

नागुबाई